धंद्यापुढची कोरी जागा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : कुमारी तारामती बाबगोंडा मगदूम, वय ७२ वर्षे, धंदा : ....................., मूळ राहणार निपाणी, सध्या राहणार टिळकवाडी, बेळगाव.

मी, तारामती, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आज लिहून ठेवीत आहे. डॉ. साईराज बिर्जे यांनी माझी नाडी, रक्तदाब आणि स्मरणशक्ती तपासून मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीसाठी त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख, वार, तिथी आणि त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवरच्या दोन चुका सांगितल्या. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर चालला नसता. अक्कलहुशारी शाबूत आहे. राजीखुशीपैकी राजी आहे. खुशी का नाही, ते कलम सहा आणि सातमध्ये येईल.

बहात्तराव्या वर्षी 'कुमारी' म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. सरकारदरबारी तसेच आहे आणि त्याचे मला कधी वाईट वाटलेले नाही. हरकत होती ती पुढच्या शब्दाला. या दस्ताचा मसुदा माझ्या भावाची मुलगी प्रणिता हिने टाइप केला. ती बेळगावच्या कोर्टात वकिली करते. तिने धंद्यापुढे 'घरकाम' असे टाइप केले होते. विचारले तर म्हणाली, "आत्या, बायकांच्या दस्तात तेच असतंय. फॉर्मॅट आहे तो." भाताला किती शिट्ट्या द्यायच्या हे जिला अजून मोलकरणीला विचारावे लागते, तिचा धंदा घरकाम. मी ते खोडले. मग तिने 'निवृत्त' लिहिले. कशातून निवृत्त, असे विचारले तर ते तिलाही नीट ठाऊक नव्हते. दोष तिचा नाही. ते आजवर कुठे छापलेलेच नाही. म्हणून ती जागा तूर्त कोरी आहे. दस्त संपेल तेव्हा मी ती माझ्या हाताने भरीन.

उपनिबंधक कार्यालयाने कन्नड भाषांतर मागितल्यास प्रणिताने ते करून द्यावे आणि माझे टोमणे गाळू नयेत. कन्नडमध्ये ते जास्त चांगले लागतात. आमची आई रागवायची ती कन्नडमधूनच.

१. राहते घर.

टिळकवाडीतला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट मी माझ्या कमाईतून घेतला आहे. त्यात वडिलार्जित काही नाही. तो माझ्यामागे प्रणिताचा. तिचा थोरला भाऊ धरणेंद्र याला याचे आश्चर्य वाटेल, कारण गेली चार वर्षे तो दर रविवारी चिकोडीहून माझी तब्येत विचारायला येतो. "आत्या, जिना चढताना दम लागतोय काय?" असे विचारताना त्याची नजर खिडकीपासून दारापर्यंत भिंत मोजत असते. एकदा त्याने माझ्यादेखत पावलांनी हॉल मोजला आणि विचारल्यावर म्हणाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

धरणेंद्रला मी आमच्या वडिलांचा निपाणीच्या तंबाखू वखारीतला पितळी तराजू देत आहे. माणसांचे वजन करण्याची त्याला सवय आहे, ती वाया जाऊ नये.

२. मालुबाई.

सांबऱ्याहून रोज पहिल्या बसने येऊन माझ्या घरचे सगळे बघणाऱ्या मालुबाई यांना फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन, सगळी भांडी आणि बँकेतली माझी मुदत ठेव द्यावी. मी हे त्यांना वाचून दाखवले.

"आक्का, आन म्या तुमच्या आदी गेले तर?"

"तर सगळं माझ्याकडंच राहील."

"म्हंजे मला जगायला पायजे म्हना की," त्या म्हणाल्या. "बरं, मग त्यो मिक्सर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मेल्यावर कोन करतंय."

मिक्सर दुरुस्त करून घेतला आहे.

३. माझ्या मरणाची बातमी.

आमच्या भागात पेपर हातात घेतला की माणूस आधी निधनाचे सदर बघतो. राजधानीत कोण पडले आणि कोण चढले हे चहा निवल्यावर वाचले तरी चालते; पण कोणाच्या पश्चात कोण आहे आणि रक्षाविसर्जन किती वाजता आहे, हे कळल्याशिवाय आंघोळीला जाता येत नाही. मी तीस वर्षांत अशा किमान वीस हजार बातम्या लिहिल्या. तेव्हा माझी मी ठरवणार.

बातमीत 'दुःखद निधन' लिहू नये; सुखद निधन मी अजून छापलेले नाही. 'आधारवड कोसळला' लिहू नये. माझे वजन अठ्ठेचाळीस किलो आहे. टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटाजवळ माझा हात जोडलेला फ्लेक्स लावू नये. मी कोणापुढे हात जोडल्याचा फोटो उपलब्ध नाही आणि संगणकावर तो बनवू नये. जैन रीतीप्रमाणे जे साधे आहे ते करावे. रक्षाविसर्जन सकाळी नऊला ठेवावे, दहाला नको. दहाला येणारे लोक जेवायच्या हिशोबाने येतात.

आणि बातमीत कुठेही 'मारुतीराव सौंदलगेकर यांच्या त्या सहकारी होत्या' हे वाक्य येता कामा नये. का, ते आता सांगते.

४. लाल पेने, शब्दकोश आणि ते माझ्याकडे कसे आले.

माझे शिक्षण बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये, इंग्रजीतून झाले. तिथल्या सिस्टरांनी मला तीन गोष्टी शिकवल्या : ताठ बसणे, समोरच्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबणे, आणि ते चूक असल्यास मग सांगणे. या गुणांवर निपाणीत नोकरी मिळत नाही. तेहतीस वर्षांची झाले तरी मी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेत होते. १९८६ साली मारुतीराव सौंदलगेकर आमच्या घरी आले. निपाणीत त्यांचा छापखाना होता. विडीची लेबले आणि लग्नपत्रिका छापता छापता त्यांनी वर्षापूर्वी 'दैनिक वेस' नावाचा पेपर काढला होता. वडिलांना म्हणाले, "अण्णा, तुमच्या पोरीला चुका लई दिसत्यात म्हणं. माझ्याकडं चुकाच चुका हायत. पाठवा."

मुद्रितशोधक म्हणून गेले. पहिली दोन वर्षे मी फक्त मुद्रितशोधकच होते. ती या दस्तात मोजू नयेत. १९८८ पासून अंक मी काढत होते. पहिल्या पानावर काय जाईल, कोणाची बातमी पडेल, अग्रलेखात काय असेल, कोणत्या पुढाऱ्याचा फोटो किती कॉलम, हे मी ठरवत असे. मारुतीराव सकाळी दहाला अंक उलटा धरून शेवटचे पान बघत. तिथे तळाला बारीक अक्षरात ओळ असे : 'हे दैनिक मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक मारुतीराव सौंदलगेकर यांनी छापून प्रसिद्ध केले.' ती बघून ते अंक घडी घालून ठेवत. तिच्याखाली दुसरी ओळ होती : 'अंकातील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' ही मात्र शंभर टक्के खरी होती, कारण संपादकांनी तो मजकूर वाचलेला नसे.

माझे पद पगारपत्रकावर शेवटपर्यंत 'मुद्रितशोधक' हेच होते. लोक 'पेपरातल्या बाई' म्हणत.

न्यायाने हेही लिहिले पाहिजे की मारुतीराव वाईट नव्हते. वाईट असते तर सोपे झाले असते. मी जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारी, आणि पेपराचे काम ऐन भरात येते ते तिन्हीसांजेला. संध्याकाळी साडेपाचला मारुतीराव स्वतः माझ्या टेबलावरचे कागद उचलून बाजूला ठेवत आणि दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बाई जेवाय लागल्यात. आमदार आला तरी बाहीर बसंल." एकदा खरेच आमदार बाहेर बसले. एकतीस वर्षांत हा नेम चुकला नाही. पद सोडून त्यांनी मला सगळे दिले.

माझी लाल पेने आणि सर्व शब्दकोश भरमू नाईक, राहणार खानापूर, यांना द्यावेत. भरमू आमच्याकडे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत. तेही आता सत्तरीचे आहेत आणि फोनवर नातवाचे मेसेज तपासून परत पाठवतात. त्यांच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली. तिच्यावर माझी सगळी कथा उभी आहे.

५. ब्रांडेससाहेबांची पत्रे.

माझ्या कपाटात खालच्या खणात पत्रांचे तीन गठ्ठे आहेत. ती पत्रे जर्मनीतल्या आल्टनब्रूक नावाच्या लहान गावच्या दैनिकाचे संपादक हेल्मुट ब्रांडेस यांची आहेत. १९९४ साली नोव्हेंबरात एका सेवाभावी क्लबच्या देवाणघेवाणीत ते तीन आठवडे निपाणीला आले. मारुतीराव क्लबचे सचिव होते म्हणून पाहुणा त्यांच्या घरी, आणि पाहुण्याचे इंग्रजी मला समजायचे म्हणून पाहुणा दिवसभर माझ्या टेबलासमोर.

पहिल्या दिवशी मला वाटले, युरोपातला संपादक म्हणजे मंत्र्यांबरोबर जेवणारा असेल. ते म्हणाले, एकोणिसाव्या वर्षी शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो आणि पहिले वर्षभर सशांवर लिहिले. त्यांच्याकडे ससे पाळणाऱ्यांच्या मंडळांच्या सभा असतात. कोणाचा ससा पहिला आला, त्याचे वजन किती, मालकाचे नाव काय. नावात एक चूक झाली की मालक सकाळी सशासकट ऑफिसात. मी म्हटले, आमच्याकडे बैलगाडी शर्यती आहेत, मालक चाबकासकट येतो. तिथून आमचे जमले.

सशांनंतर त्यांना कबुतरे दिली, मग अग्निशमन दलाचे वार्षिक मेळावे, मग कोर्ट, मग खेळाचे पान, मग गावाचे पान. प्रत्येक पायरीला चार-पाच वर्षे. बेचाळिसाव्या वर्षी संपादक झाले. मेयरसाहेबांच्या नव्या पुलाला तडे गेल्याचे त्यांनी छापले, तेव्हा मेयर सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. आणि दोघे एकाच गायनमंडळात शेजारी उभे राहून गात असत. त्यांचे एक तत्त्व होते. चूक झाली की दुसऱ्या दिवशी, पहिल्या पानावर, चौकटीत दुरुस्ती. मी विचारले, रोज? ते म्हणाले, रोज चूक होते.

मारुतीरावांना हे कळल्यावर ते म्हणाले, "असं छापलं तर लोकांस्नी कळंल की आपल्या चुका हुत्यात."

भरमू त्यांना 'जर्मनअण्णा' म्हणायचे. खिळे मोजायची एक पोलादी पट्टी ब्रांडेससाहेबांनी जाताना भरमूला दिली. भरमूने ती अजून देव्हाऱ्यात ठेवली आहे. ती माझी नाही, म्हणून तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

पत्रे प्रणिताने जपावीत. इंग्रजी साधे आहे. पुढे पुढे त्यांत दुःख आहे. २००९ साली त्यांचा पेपर मोठ्या शहरातल्या पेपरने गिळला, ऑफिसचे तीन मजले जाऊन एक खोली राहिली, आणि तिची खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडत होती. २०११ साली ते निवृत्त झाले. 'मी आता सशांना वेळ देऊ शकेन,' असे त्यांनी लिहिले आहे.

६. भरमूची चूक.

ब्रांडेससाहेब आमच्याकडे असताना एके दिवशी दोन फोटो कोल्हापूरहून ब्लॉक, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, होऊन आले. एक, निपाणीजवळच्या एका गावातील दूध संस्थेचे चेअरमन परशराम पाटील, वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी. दुसरा, त्याच गावचे एक निवृत्त गुरुजी, वय ब्याण्णव, निधनाच्या बातमीसाठी. दोघांना फेटा, दोघांना मिशा. भरमूने ब्लॉक उलटेपालटे बसवले. मी प्रूफ वाचले ते अक्षरांचे. मिशांचे वाचले नाही. चूक भरमूची म्हणून लिहिली आहे, पण निम्मी माझी.

सकाळी परशरामअण्णांच्या वाड्यावर नऊपासून माणसे जमू लागली. अण्णा दारात दात घासत उभे. आलेला माणूस त्यांना बघून वाकायचा, पेपर काढायचा, परत त्यांच्याकडे बघायचा. साडेदहापर्यंत अडीचशे माणसांचा चहा झाला होता. अकराला जीप आमच्या दारात आली.

जीपचा आवाज ऐकताच मारुतीराव मागच्या कागदाच्या गोदामात गेले. जाताना त्यांनी दाराआडून हात काढून माझ्याकडे बोट केले आणि अण्णांना ऐकू जाईल असे म्हणाले, "संपादक त्या हायत. त्यास्नी इचारा."

एकतीस वर्षांत एकदाच.

परशरामअण्णा माझ्यासमोर येऊन बसले. पेपर टेबलावर ठेवला.

"व्हय ओ बाई, मी मेलो म्हणं."

"चूक झाली, अण्णा. माझी चूक आहे."

"चूक झाली ते ऱ्हाऊ द्या. माझा व्याही आलता. रडला न्हाय. डोळं कोरडं ठणठणीत. आनी माझा धाकटा भाऊ, तेनं आल्या आल्या काय इचारलं ठावं हाय? डेअरीची किल्ली कुठं हाय."

"उद्या पहिल्या पानावर दुरुस्ती छापते."

अण्णांनी विचार केला. "उद्या नगं. चार दिस थांबा. अजून कोन कोन येतंय ते बघून घेतो."

गुरुजींचा मुलगा दुपारी आला. मी उठून उभी राहिले. तो म्हणाला, "बाई, ह्या अंकाच्या धा कॉप्या द्या. आमच्या आबास्नी जल्मभर कुनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या न्हाईत."

ब्रांडेससाहेब हे सगळे कोपऱ्यात बसून बघत होते. भाषा कळत नव्हती. मी नंतर शब्दन् शब्द सांगितला. गोदामाचे दारही त्यांनी बघितले होते. मायदेशी जाऊन त्यांनी पानभर लेख लिहिला. माझा फोटो, आणि खाली : 'संपादक तारामती मगदूम आपल्या टेबलाशी.' पुढे मारुतीरावांबद्दल अर्धी ओळ : 'मालक त्या वेळी कागदाच्या गोदामात होते.'

७. माझी चूक.

तो लेख टपालाने आला. मारुतीरावांनी तो कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांकडून वाचून घेतला आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, खुलासा मागायचा. संपादक मी आहे, असे त्यांना कळवायचे. पण इंग्रजी पत्र लिहिणार कोण?

मी लिहिले. मी संपादक नाही, असे सांगणारे पत्र मी मसुदा केले, मी टाइप केले, मी त्यातली व्याकरणाची चूक काढली आणि मारुतीरावांनी सही केली. चांगले पत्र होते. मला ते अजून पाठ आहे.

ब्रांडेससाहेबांनी त्यांना उत्तर दिले नाही. मला दिले. त्यात एकच प्रश्न होता : संपादक कोण? एका ओळीत कळवावे, तुमचे म्हणणे मी छापीन.

मी लिहिले : श्री. सौंदलगेकर हेच संपादक आहेत.

नोकरीची भीती म्हणून लिहिले नाही. माझ्याशिवाय अंक निघाला नसता, हे मारुतीरावांसकट सगळ्यांना ठाऊक होते. पण त्या संध्याकाळी साडेपाचला ते उपाशी माणसासारखे दारात उभे होते आणि कोणाला तरी सांगत होते, बाई जेवाय लागल्यात. मी डबा तसाच झाकून ठेवला. मी भिडेपोटी खोटे लिहिले, आणि आल्टनब्रूकमध्ये पहिल्या पानावर चौकटीत छापले गेले की संपादक मी नव्हे.

२०१८ साली मारुतीराव गेले. मला निवृत्त होऊन वर्ष झाले होते. त्यांचा मुलगा नागेंद्र गाडी घेऊन आला : "बाई, अप्पांनी सांगून ठेवलंय, माझी बातमी बाईंनीच लिवायची." मी लिहिली. 'ज्येष्ठ संपादक मारुतीराव सौंदलगेकर यांचे निधन.' तेच खोटे, दुसऱ्यांदा.

मग मी हे सगळे बंद करून टाकले होते. गेल्या फेब्रुवारीत जर्मनीहून पाकीट आले. ब्रांडेससाहेब वारले. त्यांच्या मुलीने कागदपत्रे आवरताना माझ्या नावाची एक फाइल सापडली ती पाठवली. तीत त्यांच्या शेवटच्या दिवसाचा अंक होता. निवृत्तीच्या दिवशी भाषण करण्याऐवजी त्यांनी अख्खा कॉलम भरून चव्वेचाळीस वर्षांतल्या राहून गेलेल्या दुरुस्त्या छापल्या होत्या. १९६८, सशाचे वजन पाचशे ग्रॅम जास्त लिहिले. १९८१, एका गोलरक्षकाला उगाच दोष दिला. अशा सदतीस. एकतिसावी प्रणिताने फोनवर भाषांतर करून मला वाचून दाखवली. ती मी इथे उतरवते :

'१९९५. भारतातील एका दैनिकाचे संपादक त्याचे मालक आहेत, अशी दुरुस्ती आम्ही छापली होती. ती दुरुस्तीच चूक होती. संपादक श्रीमती मगदूम होत्या. त्यांनी सौजन्यापोटी मला वेगळे कळवले. मी त्यांच्या पत्रापेक्षा माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला हवा होता.'

चौदा वर्षे एका परक्या गावातल्या ससेवाल्यांना हे ठाऊक होते. निपाणीला ठाऊक नव्हते. मला ठाऊक नव्हते. त्यांनी कधी पत्रातही लिहिले नाही. बहुधा माझी अडचण होऊ नये म्हणून. सौजन्याचा रोग दोन्हीकडे होता.

प्रणिता म्हणाली, "आत्या, तू रडालीस काय?" मी म्हटले, छपाई बारीक आहे.

८. 'वेस'च्या फायली.

'दैनिक वेस'चे १९८५ ते २०१७ चे सर्व अंक वर्षावर्षाने बांधून माझ्या घरी आहेत. कार्यालयातला संच २०१९ च्या पुरात तळघरात पाणी शिरून गेला. त्यामुळे पूर्ण संच जगात हा एकच. आता पेपराला चाळीस वर्षे झाली. नागेंद्रला विशेषांक काढायचा आहे आणि जुने काही छापायचे तर ते माझ्या कपाटात आहे. तो गेल्या महिन्यात पेढे घेऊन आला.

"बाई, तुमचाबी फोटो लावतो की. 'विशेष सहकार्य' म्हणून चौकट करतो."

"सहकार्य कुणाला?"

"अप्पांना."

"तुझ्या अप्पांनी कुठला अग्रलेख लिहिला सांग. एक."

 पोरगा खोटे बोलणारा नाही, बापावर गेला आहे. म्हणाला, "बाई, आमच्या घरात सगळ्यांना ठावं हाय. खरं, अप्पांचा फोटो हाय भिंतीला. तेच्या खाली 'संपादक' लिवलंय. ते मी कसं पुसू?"

प्रश्न खरा आहे. मी त्याला पुसायला सांगत नाही. मालक, मुद्रक, प्रकाशक हे तिन्ही शब्द मारुतीरावांचे होते आणि त्यांनी ते राखले. साडेपाचचा दारातला माणूसही त्यांचाच. चौथा शब्द तेवढा माझा.

म्हणून सर्व फायली मी नागेंद्र मारुतीराव सौंदलगेकर याला एका अटीवर देत आहे. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत त्याने 'वेस'च्या पहिल्या पानावर, चौकटीत, पुढील मजकूर एक काना न बदलता छापावा :

'खुलासा. १९८८ ते २०१७ या काळात या दैनिकाच्या प्रत्येक अंकात शेवटच्या पानावर संपादक म्हणून मारुतीराव सौंदलगेकर यांचे नाव छापले गेले. ते चूक आहे. या काळात संपादक तारामती बाबगोंडा मगदूम होत्या. हे त्यांना स्वतःला विचारण्यात आले असता त्यांनी खोटे सांगितले, याबद्दल त्या दिलगीर आहेत.'

शेवटचे वाक्य नागेंद्र गाळू बघेल, मला वाईट दिसू नये म्हणून. गाळल्यास अट मोडली असे समजावे. अट मोडल्यास सर्व फायली बेळगावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला जातील, आणि त्यांच्याबरोबर मी केलेली सूचीही जाईल. तीत मारुतीरावांनी पेपरात लिहिलेल्या मजकुराची नोंद एका स्वतंत्र पानावर आहे. ते पान कोरे आहे.

खुलासा मी जिवंत असताना छापला तर हे कलम पुरे झाले असे धरावे आणि फायली लगेच घेऊन जाव्यात. मात्र प्रूफ मला दाखवावे. छापलेल्या अंकाची एक प्रत आल्टनब्रूकला ब्रांडेससाहेबांच्या मुलीला पाठवावी. टपाल खर्च माझ्या खात्यातून.

९. उत्तम क्षमा.

पर्युषण संपले की आम्ही वर्षभरात दुखावलेल्यांची क्षमा मागतो. दर वर्षी मी ऑफिसात सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणत असे आणि मारुतीराव म्हणत, "व्हय व्हय, आमचंबी तसंच समजा." ज्यांचे मन मी दुखावले त्यांना उत्तम क्षमा. ज्यांचे दुखवायचे राहून गेले, त्यांनी धरणेंद्रकडे चौकशी करावी. हेल्मुट ब्रांडेस यांची क्षमा मी इथे लेखी मागत आहे. त्यांनी मला एका ओळीत उत्तर मागितले होते. ते देत आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रणिताने करावी. पहिल्या पानावर धंद्यापुढे जी जागा कोरी होती, ती मी आज दोन्ही साक्षीदारांसमक्ष, माझ्या हाताने, लाल शाईने भरली आहे. प्रणिताचे म्हणणे पडले की दस्तात लाल शाई चालत नाही. तिला सांगितले, मला दुसरी वापरायची सवय नाही.

लिहून ठेवणार :
(सही) तारामती बाबगोंडा मगदूम
धंदा : संपादक

आम्ही खालील दोघे साक्षीदार लिहितो की वरील सही व वरील धंदा दोन्ही त्यांनी आमच्यासमोर लिहिले, आणि दोन्ही त्यांचेच आहेत.

(सही) डॉ. साईराज बिर्जे, टिळकवाडी. दवाखान्याची पाटी दुरुस्तीला दिली आहे.

(सही) जयाबाई कुलगोड, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी. सही करण्याआधी मी कलम सात दोनदा वाचले.

ठिकाण : बेळगाव
तारीख : ९ नोव्हेंबर २०२५